श्वासापुरती जागा

“माप घेताना कुणाला श्वास रोखायला लावू नकोस. पोटभर श्वास घेऊ दे, मग फीत लाव. आणि आलं त्याच्यावर दोन बोटं सोड. कपडा अंगाला बसावा, अंगावर बसू नये.”

हे जाऊबाईंनी मला सांगितलं त्याला एकतीस वर्षं झाली. गेल्या चौदा महिन्यांत त्यांच्या तोंडून असं एक सलग वाक्य निघालेलं नाही, तरी तो आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आहे, ओठांत टाचण्या धरून बोलल्यासारखा, जरा एका बाजूने येणारा. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी गादीच्या खोळीला चेन लावत होते. निळ्या जाड कापडाची ती शेवटची खोळ, कॅरव्हॅनमधल्या डाव्या बाकाची. पॅडलवरचा पाय उचलला तशी सुई कापडात अर्धी रुतून राहिली. फोनवर एक तरुण बाई होती.

“फेरीबोटीच्या ऑफिसातून बोलतेय. शुक्रवारी सकाळच्या बोटीवर तुमची गाडी आहे ना? सहा मीटर पाच सेंटिमीटर?”

“हो,” मी म्हणाले.

“जरा मोठ्यानं बोला हो, ऐकू येत नाहीये.”

“हो,” मी पुन्हा म्हणाले.

“बाई, तुमच्या गाडीला जागा नाही राहिली. सहाच्या वरच्या गाड्यांची रांग भरली. बेटावरच्या शाळेचं छप्पर घेऊन ट्रक येतोय, त्याला आधी घ्यावंच लागतं. सहाच्या आतली एक जागा आहे, पण तुमची काही सहाच्या आतली नाही.”

“मग पुढची बोट?”

“गाड्या नेणारी हीच शेवटची. शुक्रवारी जाते, रविवारी सगळ्यांना परत आणते. मग चार महिने समुद्र काही ऐकत नाही कुणाचं. तेव्हा नुसती माणसांची लहान बोट असते.” मागे कुणीतरी चहाची कपबशी ठेवल्याचा आवाज आला. “घाईत मोजलंत का? काही जण आरशापासून मोजतात. बघा पुन्हा मोजून. चारपर्यंत ती जागा धरून ठेवते. पण खरं काय ते सांगा हं, धक्क्यावर आमचा माणूस मोजतो. जास्त भरली तर तिथूनच परत पाठवतो, मग तुम्हालाही त्रास आणि त्यालाही वाईट वाटतं.”

मी तिचे आभार मानले. तिने ते ऐकले की नाही कोण जाणे. आमचे हे म्हणतात, तू फोनवर बोललीस की समोरच्याला वाटतं लाइन खराब आहे.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत जाऊबाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, घडी करून ठेवलेल्या कपड्यासारखा. डावा हात खिडकीच्या कठड्यावर, आणि त्या हाताची बोटं सारखी काहीतरी चाचपत असलेली, कापडाचा पोत बघावा तशी. मशीन थांबलं की त्या माझ्याकडे बघतात. आत्ताही बघितलं. मी म्हणाले, “काही नाही, जाऊबाई. बोटीवाल्यांचा होता.” आणि म्हणताक्षणी आत चरका बसला, कारण ‘काही नाही’ हे खरं नव्हतं. माझा रोजचा नेम आहे. पहाटे दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. दिवा लावल्यावर तीन उपकार आठवायचे, काल आठवलेला आज पुन्हा घ्यायचा नाही. आणि मग मनाशी म्हणायचं, आज या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. इतकी वर्षं हे चाललंय, आणि तरी दिवस मोठा असतो, ‘काही नाही’ सारखं काहीतरी सटकतंच.

सटकतं ते असं साधंच असतं. अकरा वर्षांपूर्वी मी ‘नेईन’ म्हणाले होते, तेही असंच साधं. याच खोलीत. तेव्हा चार मशीनं होती, आम्ही दोघी आणि दोन मदतनीस बायका, एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम, आणि दुपारी वीज गेली. चारही मशीनं एकदम थांबली. त्या बायका हातपाय मोकळे करायला बाहेर गेल्या. जाऊबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बोट वर केलं.

“ऐकलंस?”

“काय?”

“काहीच नाही. तेच म्हणतेय मी.” आणि मग कितीतरी वेळ आम्ही दोघी ते काहीच नसलेलं ऐकत बसलो. पडद्याच्या कापडाला नव्या कांजीचा वास होता. एक माशी काचेवर चालत होती, तिची पावलं ऐकू येतील असं वाटत होतं. जाऊबाई म्हणाल्या, “माझ्या कानात झोपेतसुद्धा मशीन चालू असतं गं, मुंगे. असं एखादं ठिकाण असेल का, जिथं दिवसभर हे असंच राहतं?” मुंगी हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. मी आवाज न करता काम उरकते म्हणून. मी म्हणाले, “असेल की. मी नेईन तुम्हाला.” त्या हसल्या. “ने. पण माझे पाय धड आहेत तोवर ने.” आणि वीज आली.

मग हॉटेलचे पडदे झाले, मग एका नाट्यगृहाचे, मग शाळेचे गणवेश, मग ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि गेल्या वर्षी एका सकाळी जाऊबाई कात्री हातात धरून टेबलाशी उभ्या असतानाच तिरक्या झाल्या. मी धरलं त्यांना, कात्री आधी पडली. देवाची कृपा म्हणून जीव राहिला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पाय धड असतानाचा शब्द मी पाळला नाही. हे वाक्य मी रोज दिव्यासमोर म्हणत नाही, पण ते तिथे असतं, समईमागच्या भिंतीवरच्या काळपट डागासारखं.

बेट आम्हाला ह्यांच्यामुळे सापडलं. हे तीस वर्षं शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. पावाच्या कारखान्याची एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि वर्षभर तिच्यात ठोकाठोक केली. दोन बाक, त्यांचेच रात्री बिछाने होतात, एक पाण्याची टाकी, दोन चुली, मागे सामानाची पेटी. आतून अजूनही उन्हात पावाचा वास येतो. दाराला त्यांनी दुमडणारी उतरती फळी लावली, खुर्ची ढकलत आत नेता यावी म्हणून. कुणी न सांगता लावली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तीन उपकारांत मी पहिला तोच घेतला. मग ते एक पत्रक घेऊन आले. बेटावर एक गवताळ मैदान, दगडी बांध, एक पाण्याचा नळ, बंद पडलेलं दीपगृह. गाड्यांनी रात्री दिवे लावायचे नाहीत, इंजिन चालू ठेवायचं नाही. रेडिओ नाही. “तिथं इतकं शांत आहे,” हे म्हणाले, “की तू बोललीस तरी ऐकू येईल.” आणि तेव्हापासून तीन आठवडे आमच्या घरात यादी चाललीय. औषधांचा डबा, दोन जास्तीची पांघरुणं, चाकांखाली घालायच्या लाकडी पाचरी, पाण्याचा कॅन, बोटीवर गॅस बंद असला पाहिजे म्हणून सिलिंडरला बांधायची चिठ्ठी. यादी हे करतात आणि मी त्यात दर दिवशी एक ओळ घालते, आणि ते म्हणतात, “अगं, आपण बेटावर चाललोय, बेट घेऊन नाही चाललो.”

फोन ठेवल्यावर मी पुन्हा मशीनशी बसले, पण पायाने पॅडल दाबवेना. सहा मीटर पाच. तो फॉर्म मी भरला होता. त्या दिवशी हे बँकेत गेले होते, मी एकटीच फीत घेऊन अंगणात गेले, गाडीच्या नाकापासून मागच्या पेटीपर्यंत मोजत गेले, खडूने खुणा केल्या, आणि आकडा लिहिला. आता बोटांनी सुईभोवतीचं कापड चाचपताना मला ते आठवलं, डोक्याआधी हातांना आठवलं. गाडी भरली होती पाच पंच्याऐंशी. मी दोन्ही टोकांना पाच-पाच बोटं जास्त धरली, गाडी मोठी म्हणून, म्हणजे दहा-दहा सेंटिमीटर. शिवणीत माया सोडतात तशी सोडली. उद्या उसवून मोठं करायची वेळ आली तर. गाडीला. पत्र्याच्या गाडीला. मी तोंडावर हात ठेवला आणि मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं, कारण एकतीस वर्षांत ज्या सवयीने एक कपडा परत आला नाही, त्या सवयीने आता बोट चुकवली होती.

हे औषधं घेऊन आले तेव्हा साडेबारा झाले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, चष्मा काढला, पुसला, घातला.

“म्हणजे तू गाडीला दाबटीप मारायची जागा ठेवलीस.”

“हो.”

“चाकांनाही थोडी ठेवायची, जाड झाली असती पुढेमागे.”

“अहो, चेष्टा नको ना.”

“बरं, नाही करत. एवढं काय त्यात? फोन कर, सांग पाच पंच्याऐंशी.”

इतकं सोपं होतं. पण मला ते सांगवेना. काल संध्याकाळी पुतण्याचा फोन आला होता, जाऊबाईंच्या मुलाचा. तो सोमवारी येतोय आईला न्यायला. दूरच्या शहरात राहतो, तिथं त्याच्या घराशेजारी मोठं इस्पितळ आहे, व्यायाम करून घेणाऱ्या बायका घरी येतात, त्याने खालच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी रिकामी केलीय. चांगला मुलगा आहे, माझ्याच मांडीवर आडवा पडून पाढे म्हणत झोपायचा. तो म्हणाला, “काकू, एक विचारू? रागावू नका. आईला खरंच जायचंय का? तिला हो-नाही सांगता येत नाही. तुम्हाला वाटतं म्हणून तिला वाटतं, असं तर नाही ना? तुम्ही तिच्या तोंडी तुमच्या मनातलं घालत नाही ना? एवढी दगदग, बोट, थंड वारा.” मी म्हणाले, “नाही रे बाळा.” आणि फोन ठेवल्यापासून त्याचा तो प्रश्न मनात सलत होता. मला काय माहीत? अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार, वीज नसलेली. माणसाची हौस बदलते. शिवाय हे सगळं माझ्या मनावरचा डाग पुसायला तर नाही? आणि आता मापही मीच घ्यायचं, आकडाही मीच सांगायचा, मला हवा तोच. आधी मीच लांब केली, आता मीच आखूड करणार.

मी फीत घेऊन अंगणात गेले. पहिल्यांदा पाच पंच्याऐंशी भरली. दुसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदा त्र्याऐंशी. फीत जुनी, कापडी, इतक्या वर्षांच्या ओढाताणीने लांबलेली, पहिला इंच तर पार झिजलेला. तिन्ही वेळा सहाच्या आतच होती, हे मला दिसत होतं. पण ज्या फितीवर हजार माणसांची छाती-कंबर बिनदिक्कत मोजली तिच्यावरचा माझा विश्वास त्या दुपारी उडाला होता. वाटत होतं, तीसुद्धा मला खूश करायला बघतेय. ह्यांची पोलादी टेप गाडीच्या कामात कुठेतरी पत्र्यामागे गेलेली, बहुतेक कॅरव्हॅनच्याच भिंतीत. हे म्हणाले, “दुकानातून नवी आणतो.” मी म्हणाले, “आणा.” आणि ते गेले. पण मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. ऊन पत्र्यावर होतं, पावाचा वास येत होता.

खरं तर मला ती फीत दुसऱ्या कुणीतरी धरायला हवी होती. नेहमी तसंच असायचं. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या आकडा म्हणायच्या, मी लिहायची. माझं पहिलं मोठं काम मी चुकवलं तेव्हाही. एका नवऱ्या मुलीच्या झग्याचं कापड मी उलट्या बाजूने कापलं होतं. ज्यांच्या दुकानासाठी आम्ही तेव्हा शिवायचो त्या मालकीणबाई आल्या, तारस्वरात ओरडल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, “माझ्या हातून झालं, बाई.” मग दोन दिवस बसून त्यांनी दोन्ही कुशींत कापडाच्या अशा तिकोनी कळ्या घातल्या, की त्या बाई पुढच्या झग्यालाही तसंच करा म्हणाल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि दुसरं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या लग्नाच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले होते. मी माझे ब्लाउज उसवून, आतली माया सोडून, मोठे करून ठेवले होते, सहाच्या सहा. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. इस्पितळातून घरी आले, आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते. उठले त्या दिवशी कपाट उघडायची भीती वाटत होती. उघडलं, तर सहाही ब्लाउज आत घेतलेले, जुन्याच शिवणीवर, टाक्याला टाका, इस्त्री करून ठेवलेले. मला ते माझ्या हाताने करावं लागू नये म्हणून. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. त्यानंतर माझी कूस उजवली नाही. पण पुतण्या माझ्या मांडीवर पाढे म्हणायचा, त्या मुद्दाम त्याला माझ्याकडे सोडायच्या, “काकूला म्हणून दाखव जा.” माझ्या रोजच्या तीन उपकारांत मी जाऊबाईंचं नाव घेत नाही. घेतलं तर दुसऱ्या कुणाची पाळीच यायची नाही.

मी आत गेले. खोलीतल्या मोठ्या टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली आहे, पूर्ण एक गज. ती कधी लांबत नाही, कधी आखडत नाही. खुर्ची ढकलत मी जाऊबाईंना तिच्याशी नेलं आणि त्यांचा डावा हात उचलून पट्टीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. आणि आपण होऊन वीत ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. नऊ इंच. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. पूर्वी बाजारात फीत घरी राहिली तर त्या वितीनेच कापड मोजून घ्यायच्या, आणि दुकानदार आपला गज बाजूला ठेवून म्हणायचा, तुमचा हात खरा, बाई. तो हात उजवा होता. डावाही तसाच आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“जाऊबाई,” मी म्हणाले, “माझ्याकडून मापात घोळ झालाय. गाडी मोजायचीय. माझ्यावर माझाच विश्वास नाही. तुम्ही मोजाल?”

त्यांचे डोळे क्षणभर बारीक झाले. गिऱ्हाईक उलटसुलट सांगायला लागलं की व्हायचे तसे.

अंगणात मी खुर्ची गाडीच्या नाकाशी नेली, चाकं पत्र्याला समांतर लावली. पुढचा भाग गोल आहे म्हणून जमिनीवर खडूने खूण केली आणि तिच्या रेषेत त्यांचा अंगठा पत्र्यावर टेकवून दिला. वीत उघडली. आणि त्या म्हणाल्या, “एक.”

इस्पितळातल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं खरं, की ओळीने पाठ असलेलं मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असतं. आकडे, प्रार्थना, आठवड्याचे वार. मुलं किती असं विचारलं तर सांगता येणार नाही, पण एकपासून सुरू झालं तर पुढचं आपोआप येईल कदाचित. आम्ही प्रयत्न करून पाहिला होता, खुर्चीत बसवून, समोर पाटी धरून. एक शब्द आला नव्हता. त्या तोंड फिरवून बसल्या होत्या. आता मला वाटतं, मोजायला समोर काही नव्हतं म्हणून आला नसेल. उगाच कशाला मोजायचं?

“दोन,” जाऊबाई म्हणाल्या. मी खुर्ची वीतभर पुढे ढकलली. “तीन.” आवाज खरखरीत होता, बंद कपाटातल्या कापडासारखा, पण तोच होता, एका बाजूने येणारा. करंगळी जिथे टेकायची तिथे मी खडूची रेघ मारत होते, अंगठा रेघेवर, पुन्हा वीत, पुन्हा आकडा. “सात. आठ.” दाराच्या मुठीपाशी त्या थांबल्या, मुठीवरून वीत गेली तर खोटी होईल म्हणून हात खाली घेतला आणि तिच्याखालून मोजलं. सोळा. सतरा. मी काही बोलत नव्हते. पहाटे दिवा लागेपर्यंत असते तशी मी गप्प होते, आणि ते गप्प राहणं नेमाचं नव्हतं, आतून आलं होतं. अंगणात फक्त त्यांचा आवाज आणि चाकांची बारीक कुरकुर. तेवीस. चोवीस. पंचवीस. मागच्या पेटीच्या टोकाला वीत पुरी बसली नाही. त्यांनी बोटं जोडून टेकवली, चार, आणि मग तीन, आणि हात खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. लिही, असं.

पंचवीस वीत सात बोटं. मी खडूने पत्र्यावरच गुणाकार केला. पाच पंच्याऐंशी.

मी त्यांचा हात हातात घेतला. तळव्याला पत्र्याची ऊब आणि खडूची पूड. मला वाटलं, काम झालं, आता आत न्यावं. पण त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुढे दाखवला, दाराकडे. मी खुर्ची मागे घेतली. त्यांनी दाराच्या चौकटीच्या एका बाजूला अंगठा लावला, पुढे वाकल्या, मी त्यांना खांद्याशी धरलं. “एक. दोन. तीन.” तीन वितींत दार भरलं. मग त्या मागे रेलल्या, श्वास घेतला, आणि तोच हात आपल्या खुर्चीच्या एका चाकावर ठेवला. तिथून मांडीवरून, निर्जीव उजव्या हातावरून, दुसऱ्या चाकाकडे. “एक. दोन.” आणि राहिलेल्याला बोटं लावली, दहा. बारा बोटांची वीत, म्हणजे दोन वितींवर दहा बोटं, तीनला दोन बोटं कमी. त्यांनी दाराकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि ती दोन बोटं माझ्यासमोर धरली. जाईल, असं. दोन बोटं सोडून जाईल.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. भर दुपारी, अंगणात, खडूने माखलेली. पुतण्या म्हणाला होता, तिला हो-नाही सांगता येत नाही. नसेल येत. शिवणाऱ्या बाईने दार मोजलं, मग स्वतःला मोजलं, याच्यापेक्षा मोठं ‘हो’ मला तरी माहीत नाही.

तेवढ्यात हे नवी टेप घेऊन आले. पत्र्यावरचे आकडे, रेघा, आणि माझा अवतार बघून म्हणाले, “गाडीचं कटिंग चाललंय का?” मग त्यांनी टेप लावली. पाच चौऱ्याऐंशी आणि वर थोडे. ते जाऊबाईंकडे बघून म्हणाले, “वहिनी, तुमच्यापुढे ही टेप म्हणजे उगाच आणली.” जाऊबाईंच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला.

तीनला दहा मिनिटं कमी असताना मी ऑफिसात फोन केला. मोठ्याने बोलले. म्हणाले, “चूक माझी होती. मी शिवणकाम करते, मापावर थोडं जास्त धरायची सवय आहे. पाच पंच्याऐंशी आहे, दोघांनी वेगवेगळं मोजलंय.” ती मुलगी इतकी हसली की तिला पाण्याचा घोट घ्यावा लागला. “बाई, इथं सगळे कमी करून सांगतात हो. जास्त सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. टाकते तुम्हाला. साडेसहाला धक्क्यावर या, गॅस बंद करून.” मग मी पुतण्याला फोन केला आणि दार मोजल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, “तीन वितींना दोन बोटं कमी?” मी म्हणाले हो. “मग न्या, काकू. मी सोमवारीच येतो. आणि तिला म्हणावं, इकडचं खोलीचं दार मी अजून मोजलेलं नाही. तिनेच येऊन मोजावं.”

शुक्रवारी पहाटे मी उठले तेव्हा खिडकीतून नुकतंच फटफटायला लागलं होतं. दिवा लावला. बोटीवर ज्योत चालणार नाही, म्हणून घरूनच नेम पुरा करून निघायचं ठरलं होतं. तीन उपकार आठवायला बसले. शाळेच्या छपराचा ट्रक, त्याच्यामुळे गाडी मोजावी लागली. ऑफिसातली ती मुलगी, चारपर्यंत थांबलेली. तिसऱ्याला मी थांबले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा जाऊबाईंचं नाव घेतलं. एका दिवसाचं एक, असं घ्यायला लागले तरी मला आयुष्य पुरणार नाही, पण सुरुवात केली. समईमागच्या डागाकडे बघितलं. तो होता. पाय धड असतानाचा शब्द गेला तो गेलाच. असू दे म्हटलं, तूही चल.

दिवा लागला की बोलायला मोकळीक असते, तरी मी बोलले नाही. मशीनवर खोळ घातली, वायर काढून गुंडाळली. ह्यांनी गॅसची कळ फिरवून सिलिंडरला चिठ्ठी बांधली. उतरत्या फळीवरून खुर्ची वर गेली, दारातून गेली, दोन्ही बाजूंना एक-एक बोट राखून. निळ्या बाकाशेजारी खुर्ची बसवली, तिची चाकं अडवली, आणि मी जाऊबाईंच्या छातीवरून पट्टा घेतला. खटका लावायला हात पुढे केला आणि थांबले. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि श्वास घेतला, पोटभर. मी तो पुरा होऊ दिला. मग पट्टा लावला, दोन बोटं सोडून.

ह्यांनी मागे वळून बघितलं. मी मान हलवली. त्यांनी हलकेच गाडी सुरू केली, आणि आम्ही धक्क्याकडे निघालो.